कामाचा हक्क कुणाचा, वर्गणी कुणाची?

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण. बोललो तसेच बरेचसे ठेवले आहे, काही तारखा आणि नावे लिहिताना भरली आहेत.)



मी वक्ता नाही. माझं शिक्षण नववीपर्यंत, तेही पुरं नाही. सूतगिरणीत अठ्ठावीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी रिंग खात्यात. जे काही वाचलं ते रात्रपाळी करून आल्यावर, कानात मशीन घरघरत असताना वाचलं. तेव्हा भाषेत काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या.

आजचा विषय मला आपल्या वस्तीतल्याच एका पोरानं दिला. तो चाकणला कंपनीत आहे, कंत्राटदाराकडं. दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, "काका, अमेरिकेत 'कामाचा हक्क' असा कायदाच आहे म्हणे. आपल्याकडं का नाही?" मी म्हणालो, बाबा रे, आपल्याकडं आहे आणि तिकडं नाही. तो हसला, त्याला वाटलं म्हाताऱ्याची गंमत. पण ती गंमत नाही. शब्द एकच, अर्थ दोन. आणि त्या दोन अर्थांमध्ये कामगाराचं सगळं आयुष्य सापडलेलं आहे.

आधी आपला अर्थ सांगतो. माझा जन्म १९७० चा. १९७२ च्या दुष्काळात मी आईच्या कडेवर होतो. माढा तालुक्यात त्या साली काय हाल झाले ते इथं बसलेल्या आज्या-आत्या माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. माझी आई खडी फोडायला जायची, मला चिंचेखाली झोळीत टाकून. सुकडी मिळायची ती खाऊन आम्ही जगलो. पुढं त्यातूनच कायदा झाला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती कल्पना लावून धरली, १९७७ साली महाराष्ट्र रोजगार हमी कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. खेड्यातल्या कुठल्याही प्रौढ माणसानं अंगमेहनतीचं काम मागितलं तर ते शासनानं द्यायचं, पंधरा दिवसांत दिलं नाही तर बेकार भत्ता द्यायचा. देशाचा कायदा यायला २००५ साल उजाडलं. संविधानाच्या ४१ व्या कलमात कामाच्या हक्काचा उल्लेख आहे, पण ते मार्गदर्शक तत्त्व, त्यावर कोर्टात जाता येत नाही. महाराष्ट्रानं त्याला दात बसवले. आणि पैसा कुठून आला? शहरातल्या पगारदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापून. म्हणजे आमच्यासारख्याच्या पगाराच्या चिठ्ठीवर जी कापणी दिसायची, ती खेड्यातल्या माणसाच्या कामासाठी सुरू झालेली होती. हे बऱ्याच कामगारांना ठाऊक नसतं, मलाही उशिरा कळलं.

एक गोष्ट सोलापूरचीच सांगतो, ती कोर्टात शिकवतात पण आपल्याला कुणी सांगत नाही. सोलापूरची जुनी मिल १९४९ साली मालकांनी बंद केली. कामगार रस्त्यावर आले. जानेवारी १९५० मध्ये सरकारनं वटहुकूम काढून मिलचा कारभार ताब्यात घेतला, पुढं त्याचा कायदा केला. भागधारक सुप्रीम कोर्टात गेले, आमच्या मालमत्तेच्या हक्कावर गदा आली म्हणून. पहिल्या खटल्यात १९५० साली हरले, दुसऱ्यात १९५३ साली जिंकले. नंतर १९५५ ला घटनादुरुस्ती करावी लागली. भागधारकाचा हक्क मूलभूत होता म्हणून तो दिल्लीपर्यंत जाऊ शकला. ज्याच्या घरची चूल बंद पडली त्या कामगाराचा कामाचा हक्क मात्र ४१ व्या कलमात, तिथंच राहिला.

आता अमेरिकेचा अर्थ. तिथं 'कामाचा हक्क' नावाचा कायदा कुणाला काम देत नाही. बेकारी भत्ता देत नाही. तो एवढंच सांगतो की कारखान्यात युनियन असली, तिनं पगारवाढीचा करार केला, तरी त्या युनियनला एक पैसाही देण्याची सक्ती कामगारावर करता येणार नाही. वरवर ऐकलं तर बरोबर वाटतं. सक्ती कशाला? पण तिथल्या कायद्यात दुसरी एक गोष्ट आहे. बहुमतानं निवडून आलेली युनियन सगळ्यांच्या वतीनं बोलते, आणि तिनं मिळवलेलं सगळ्यांना मिळतं, वर्गणी देणाऱ्याला आणि न देणाऱ्याला सारखंच.

आपल्या वस्तीतलं उदाहरण घ्या. वर्गणी काढून बोअर पाडलं, मोटार बसवली. नियम असा की पाणी सगळ्यांना. आणि वरून पत्रक आलं की वर्गणी कुणाला मागायची नाही, राजीखुशीनं दिली तर घ्यायची. पहिल्या महिन्यात चाळीस घरं देतील, दुसऱ्या महिन्यात तीस. ज्यानं दिली तो म्हणेल, शेजारी फुकट भरतोय, मीच काय येडा? मोटार जळेल त्या दिवशी दुरुस्तीला पैसा नसेल. आणि मग लोक म्हणतील, बघा, समितीच नालायक. युनियन अशीच मरते. कुणी बंदी घालावी लागत नाही. अमेरिकेत १९४४ साली फ्लोरिडा आणि आर्कान्सा या राज्यांत हे सुरू झालं, १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्यानं सगळ्या राज्यांना ती मुभा दिली. आज तिथं २६ राज्यांत हा कायदा आहे आणि त्या राज्यांत युनियनचे सभासद सर्वसाधारणपणे कमीच आहेत. मिशिगन राज्यानं २०१२ साली केलेला असा कायदा २०२३ साली रद्द केला, एवढा एक अपवाद अलीकडचा.

हे नाव पसरवणाऱ्यांत टेक्ससचा व्हान्स म्यूज नावाचा एक माणूस होता. त्याचा प्रचार काय होता? असा कायदा नसेल तर गोऱ्या कामगाराला काळ्याबरोबर एकाच युनियनमध्ये बसावं लागेल. एवढं ऐकलं की आपल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही.

पण थांबा. इथं आपणही प्रामाणिक राहिलं पाहिजे. अमेरिकेतल्या युनियनांनी तरी काळ्या कामगाराला कुठं जवळ घेतलं होतं? बेस्टर स्टील नावाचा एक काळा फायरमन अलाबामात रेल्वे इंजिनावर काम करायचा. त्याच्या खात्याची युनियन काळ्यांना सभासद करून घेत नव्हती, आणि कायद्यानं तीच युनियन त्याच्या वतीनं बोलणारी. तिनं रेल्वेशी करार केला की काळे फायरमन हळूहळू कमी करायचे. तो कोर्टात गेला. १९४४ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की ज्या युनियनला सगळ्यांच्या वतीनं बोलायचा अधिकार आहे तिनं सगळ्यांशी न्यायानं वागलं पाहिजे, सभासद असो वा नसो.

आता आपल्याकडं या. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला विणकर खात्यात घेत नव्हते. कारण काय? धोट्यातली कांडी बदलली की धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा, आणि अस्पृश्यानं तोंड लावलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. विणकर खात्यात पगार जास्त. म्हणून आपली माणसं सूतखात्यात, कमी पगारावर. ही भिंत मालकानं एकट्यानं बांधली नव्हती, कामगारानंही बांधली होती. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न विचारला की संपाच्या मागण्यांत आमच्या माणसाला विणकर खातं खुलं करण्याची मागणी आहे का? पुढाऱ्यांना ते रुचलं नाही. पुढच्या वर्षी, १९२९ ला, परत संप झाला तेव्हा बाबासाहेबांनी त्याला विरोध केला आणि आपली माणसं कामावर गेली.

यावरून आजही टोमणे मारतात, आंबेडकर संपफोडे म्हणून. आणि आपल्यातलेही काही जण याच गोष्टीचा आधार घेऊन म्हणतात, युनियन आपली नाहीच, कशाला वर्गणी द्यायची? दोघांचंही वाचन अर्धवट आहे. पुढची पानं कुणी उलटत नाही.

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. माढ्याचं आपलं स्टेशन ज्या लाईनीवर आहे ती तेव्हा जी.आय.पी.चीच. कुर्डुवाडीच्या रेल्वेत ज्यांचे आजे-पणजे होते त्यांनी हे घरात ऐकलं असेल. बाबासाहेबांनी तिथं सांगितलं की कामगारांचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपली माणसं जन्मभर गँगमनच राहतात. हमाल म्हणूनसुद्धा घेत नाहीत, कारण हमालाला स्टेशनमास्तरच्या घरचं काम करावं लागतं आणि तिथं विटाळ होतो, हे त्यांनी उदाहरणासकट मांडलं. युनियनवाले यावर गप्प का, हेही विचारलं.

आणि त्याच वर्षी मुंबई सरकारनं औद्योगिक तंट्याचं बिल आणलं. संप करायच्या आधी तडजोडीच्या लांबलचक पायऱ्या, आणि त्या न पाळता संप केला तर कामगाराला तुरुंग. बाबासाहेब विधानसभेत उभे राहिले. त्यांचा मुद्दा साधा होता. काम सोडणं हा फार तर करारभंग, तो गुन्हा कसा? माणसाला त्याच्या मनाविरुद्ध काम करायला लावणं म्हणजे गुलामगिरी. ७ नोव्हेंबर १९३८ ला त्या बिलाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, आणि त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकाच बाजूला होते. नऊ वर्षांपूर्वी ज्यांच्या संपाला विरोध केला त्यांच्याबरोबर. पुढं मजूरमंत्री झाल्यावर १९४३ साली मध्यवर्ती विधिमंडळात त्यांनी बिल मांडलं की मालकानं युनियनला मान्यता दिलीच पाहिजे. तशी तरतूद १९४७ साली मंजूर झाली, पण ती अमलातच आणली गेली नाही. म्हणजे बाबासाहेबांचं भांडण युनियन असण्याशी कधीच नव्हतं. तिच्या बंद दाराशी होतं.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो, सांगायला लाज वाटते तरी सांगतो. आमच्या गिरणीतल्या युनियनची कमिटी अकरा जणांची. डॉफर आणि रिंग खात्यात निम्मी माणसं आपली, पण कमिटीत एकही नाही. बदली कामगार कायम करायची वेळ आली की यादीत कमिटीवाल्यांचे भाचे-पुतणे पहिले. मी चिडलो आणि २००० साली वर्गणी बंद केली. आपल्या कायद्यात सक्ती नाहीच. पगाराच्या दिवशी गेटवर पावतीपुस्तक घेऊन उभा राहायचा, दिली तर दिली. म्हणजे अमेरिकेतला तो कायदा आपल्याकडं नाव न घेता पहिल्यापासून आहे म्हणा ना! मी गेटवरून ताठ मानेनं जायचो. मला वाटायचं मी फार मोठा स्वाभिमान दाखवतोय. त्याच काळात करार झाला, पगार वाढला. वाढलेला पगार मी घेतला, तो काही परत केला नाही.

२००३ ला मशीनवरून सुपरवायझरशी वाद झाला आणि मला कामावरून कमी केलं. घरात दोन पोरं, एक शाळेत. मी युनियनच्या ऑफिसात गेलो. सेक्रेटरी म्हातारा माणूस, आपल्या समाजाचा नव्हे. त्यानं रजिस्टर काढलं, माझं नाव शोधलं. नावापुढचे एकतीस रकाने कोरे. तो बोट फिरवत गेला एकेका महिन्यावरून. मी जमिनीकडं बघत बसलो. मग त्यानं रजिस्टर मिटलं आणि म्हणाला, "उद्या दहाला कामगार कोर्टात ये. चार्जशीटची झेरॉक्स आण." दुसरं काही बोलला नाही. चौदा महिन्यांनी मी कामावर परत गेलो. वकिलाची फी, एसटीची भाडी, कागदपत्रं, हे सगळं ज्यांनी पावत्या फाडल्या त्यांच्या पैशातून झालं.

मागची सगळी वर्गणी मी भरली. पण कमिटीबद्दलचं माझं म्हणणं सोडलं नाही. भरलेली पावती हातात घेऊन सभेत उभा राहिलो आणि विचारलं, कायम करायची यादी सेवाज्येष्ठतेनं का लागत नाही? पहिल्यांदा कमिटीला उभा राहिलो तेव्हा नऊ मतांनी पडलो. दुसऱ्यांदा निवडून आलो. यादी ज्येष्ठतेनं लागायला लागली, सगळी नाही, पण बरीचशी. पावती नसती तर मला सभेत बोलूच दिलं नसतं.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. युनियन कायद्यानं डोक्यावर बसवली तर काय होतं ते मुंबईनं भोगलंय. १९३८ च्या त्या कायद्याच्या जागी १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा आला. त्यानं एका उद्योगात एकच प्रातिनिधिक युनियन बोलणार असं ठरवलं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, पण कायद्यानं मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. मालक आणि सरकार म्हणत राहिले की सामंतांशी बोलणं कायद्यात बसत नाही. कामगार एकाच्या मागं आणि शिक्का दुसऱ्याकडं. तो संप कसा संपला आणि गिरण्यांच्या जागेवर काय उभं राहिलं, ते लोअर परळला जाऊन आलेल्यांना माहीत आहे. तेव्हा मी सक्तीच्या बाजूचा नाही. कामगारानं गुप्त मतदानानं युनियन निवडावी, आणि निवडलेल्या युनियनचा खर्च सगळ्यांनी उचलावा, एवढं माझं मत. काही जुने सहकारी म्हणतात वर्गणीची सक्ती आली की पुढारी माजतात. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही.

मेम्फिसचं सांगायचं राहिलं. ते विसरून चालणार नाही, कारण ती सफाई कामगारांची गोष्ट आहे. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातलं हे शहर. तिथं हा 'कामाचा हक्क' कायदा १९४७ पासून आहे. १ फेब्रुवारी १९६८ ला पाऊस आला म्हणून कचऱ्याच्या गाडीत आडोशाला बसलेले दोन काळे कामगार त्याच गाडीच्या यंत्रात चिरडून मेले. १२ फेब्रुवारीला १३०० सफाई कामगार संपावर गेले. 'मी माणूस आहे' एवढेच शब्द लिहिलेले फलक त्यांच्या गळ्यात होते. आणि त्यांची एक मुख्य मागणी ऐका. युनियनला मान्यता द्या, आणि आमच्या पगारातून वर्गणी कापून युनियनला द्या. महापौर दोन्हीला नाही म्हणत होता. मला आधी नवल वाटलं, माणूस मेला आणि हे वर्गणीचं काय मागतात? मग कळलं. पुढच्या गाडीत माणूस मरू नये म्हणून भांडायला कुणीतरी कायम पाहिजे, आणि कायम राहायला पैसा लागतो. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६१ सालीच या कायद्याचं नाव फसवं आहे, यात ना हक्क ना काम, असं सांगितलं होतं. ते या संपाला पाठिंबा द्यायला मेम्फिसला गेले आणि ४ एप्रिल १९६८ ला तिथंच त्यांचा खून झाला. बारा दिवसांनी महापालिकेनं समझोता केला, मान्यता मिळाली आणि वर्गणी कापून घ्यायची सोयही झाली.

आता चाकणच्या पोराकडं येतो. २०२० साली संसदेनं औद्योगिक संबंध संहिता मंजूर केली, २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. एकाहून जास्त युनियन असतील तर ज्या युनियनकडं ५१ टक्के कामगार तीच वाटाघाटी करणार. संपाला चौदा दिवस आधी नोटीस द्यायची, सगळ्या उद्योगांत. तीनशेहून कमी कामगार असलेल्या कारखान्याला कामगार कपातीसाठी सरकारची परवानगी लागत नाही, पूर्वी ही मर्यादा शंभरची होती. हे सगळं कायम कामगाराचं झालं. आपला पोरगा कंत्राटी. त्याच मशीनवर, त्याच पाळीत, पगार निम्म्याहून कमी. त्याला मी विचारलं, तुमच्या कंपनीत युनियन आहे ना? म्हणाला, "आहे की, पण ती कायमवाल्यांची. आम्हाला कँटीनच्या कुपनचा रंगसुद्धा वेगळा."

मला एकदम विणकर खातं आठवलं. धोटा गेला, भिंत तिथंच आहे. फक्त आता ती जातीच्या नावानं नाही, कंत्राटदाराच्या नावानं उभी आहे, आणि तिच्या अलीकडं कोण उभे आहेत ते आपापल्या घरात मोजून बघा. कायमवाल्या भावांनाही माझं सांगणं आहे, इथं दोघं-तिघं बसलेत म्हणून सांगतो. कंत्राटी पोरांना बाहेर ठेवाल तर उद्या तुमचे ५१ टक्के भरणार कुठून? निवृत्त झालेल्याच्या जागी कायम माणूस घेतच नाहीत. आणि पोरांना सांगणं असं की ते दार उघडत नाहीत म्हणून मालकाच्या ओसरीवर जाऊन बसू नका. युनियनची नोंदणी करायला सात माणसं लागतात, आणि कामगारांपैकी दहा टक्के किंवा शंभर, जे कमी असेल तेवढे सभासद. आपल्या एका वस्तीत तेवढी माणसं निघतील.

विहाराच्या वर्गणीची यादी दर महिन्याला बोर्डावर लागते. कुणी दिली, कुणाची राहिली, सगळ्यांना दिसतं, खर्चही तिथंच लिहिलेला असतो. म्हणून तर एवढी वर्षं हे छप्पर टिकलं. त्या बोर्डाच्या खाली मला एक टेबल द्यावं, अशी मी समितीला विनंती केली होती, ती मान्य झाली आहे. तेव्हा येत्या रविवारपासून वंदना झाल्यावर मी तिथं बसणार आहे. बांधकामावर जाणाऱ्यांनी मंडळाच्या नोंदणीसाठी आधारकार्डाची झेरॉक्स, फोटो आणि गेल्या वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला आणावा. दाखला मिळत नसेल तर तसंच या, कुठून मिळवायचा ते बघू. कंत्राटी पोरांनी पगाराची चिठ्ठी आणावी, पीएफ भरला जातो की नुसता कापला जातो तेवढं आधी तपासू. बायांनीही यावं, शेतमजुरी आणि घरकाम करणाऱ्यांनी खास. मी दहा ते एक आहे. जयभीम.